चकतीचे फेरे

विजेच्या जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक पातळ चकती आडवी फिरत असे. तिच्या कडेवर एका जागी काळी खूण असायची. ती काचेसमोरून एकदा गेली की एक फेरा. आमच्या हनुमाननगरच्या घरी जो मीटर होता, त्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं की असे ६०० फेरे झाले म्हणजे एक युनिट. मी तीस वर्षं नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. विजेचा धडा झाला की मुलांना गृहपाठ ठरलेला असे. आईला विचारून घरातलं सगळं बंद करा, मग एकच वस्तू चालू करा आणि घड्याळ समोर ठेवून फेरे मोजा.

छताचा पंखा ७५ वॅटचा. त्याच्यावर चकतीला एक फेरा पुरा करायला ८० सेकंद लागत. इस्त्री लावली की मिनिटाला साडेसात फेरे. कूलरवर अडीच. मुलं हे आकडे वहीत लिहून आणत आणि मी ते फळ्यावर मांडत असे. एसीचा आकडा मात्र बरीच वर्षं रिकामा राहिला, कारण वर्गातल्या एकाच्याही घरी एसी नव्हता. १९९४ साली तो माझ्याच घरी आला आणि मी रात्री टॉर्च घेऊन मीटरसमोर उभी राहिले. मिनिटाला २० फेरे. खूण गेली म्हणेपर्यंत पुन्हा समोर यायची.

तेव्हापासून आजवर शेजारीपाजारी, नातेवाईक, जुने विद्यार्थी एक प्रश्न विचारत आले आहेत. "बाई, एसी किती युनिट खाते हो?" मी आकडा सांगते, पण आकडा सांगून समाधान होत नाही. कारण यंत्राचा म्हणून जो आकडा सांगतात, त्यात घराचं छप्पर, भिंतीची जाडी, बाहेरचं ऊन आणि दुपारचा तास हे सगळं मिसळलेलं असतं. शिवाय हा खर्च मीटर आल्यावर सुरू झाला असंही नाही. घर थंड ठेवण्यासाठी नागपुरात कायमच कुणीतरी काहीतरी मोजलेलं आहे. मीटर नव्हता तेव्हा ते मोजमाप माणसाच्या दंडातून होत होतं.

माझं माहेर नागपूरच्याच महाल भागातल्या वाड्यात. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, वर माडी, मध्ये माजघर. माजघराला खिडकी नव्हती, फक्त वरच्या बाजूला एक झरोका. नवतपा सुरू झाला की, म्हणजे मेच्या पंचविशीला सूर्य रोहिणीत गेला की, दुपारी बारा ते पाच आम्ही सगळी भावंडं त्या माजघरात शहाबादी फरशीवर उघड्या पाठीनं लोळत असू. दिवसभर भिंत ऊन पीत राहायची आणि ते ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होई. रात्री आम्ही तिथे नसायचोच. बाजा गच्चीवर टाकलेल्या असत, संध्याकाळी गच्चीवर दोन-तीन बादल्या पाणी मारलेलं असे. भिंत उशीर करते आणि माणूस जागा बदलतो, इतक्या साध्या हिशोबावर ते घर चालत होतं. याला वीज लागत नव्हती. घराला पोटात खोली लागत होती आणि डोक्यावर मोकळी गच्ची लागत होती.

माजघराच्या पुढच्या ओसरीला पश्चिमेचं दार होतं आणि त्या दाराला वाळ्याची ताटी. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेली. तिच्यावर पाणी मारायचं आणि बाहेरून येणाऱ्या झळेनंच ते सुकवायचं. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडून गेलं तर सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता घेऊन जातं. हे मी पुढे वर्गात सांगायची तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसायचा नाही, म्हणून ओला रुमाल मनगटाला बांधून फुंकर घालायला लावायची. आई दर अर्ध्या तासाला तांब्यानं ताटीवर पाणी मारी. पाणी अंगणातल्या विहिरीचं, रहाटानं ओढलेलं. दुपारभरात सात-आठ बादल्या. ओसरीत बाबा आणि पाहुणे गारव्याला बसत, वाळ्याचा वास येई, आणि आई त्या उन्हातून विहिरीकडे आणि परत. मी लहान होते तेव्हा मला वाळ्याचा वासच आठवायचा. आता तिच्या लाल झालेल्या तळव्यांसकट आठवतो.

वाळ्याची ही युक्ती फार जुनी. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फझलनं वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. इंग्रज आले तेव्हा त्यांनी ती उचलली आणि एकोणिसाव्या शतकात तिला एक पेटारा जोडला. त्याला 'थर्मँटिडोट' म्हणत. खिडकीत बसवलेला मोठा लाकडी पेटारा, बाजूंना ओल्या ताट्या, आत लाकडी पात्यांचा पंखा आणि बाहेर दांडा फिरवणारा माणूस. पंखा फिरला की हवा ताटीतून आत ओढली जाई आणि गार होऊन खोलीत येई. त्या पेटाऱ्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्क झाले. हा तर आमचा नागपूरचा कूलर! मोटर सोडून सगळं जागच्या जागी होतं. मोटरच्या जागी माणूस होता.

आणि छताला टांगलेला दोरीचा पंखा. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. बडे अधिकारी उन्हाळ्यात पचमढीला जात, तीच प्रांताची उन्हाळी राजधानी. खाली राहिलेल्या कचेऱ्यांत, कोर्टात, बंगल्यांत पंखेवाले बसत. व्हरांड्यात भिंतीला टेकून, भोकातून आलेली दोरी हातानं किंवा पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढत. रात्रपाळीलाही. दणकट माणूस तासन् तास टिकेल अशा बेतानं काम करत राहिला तर साधारण ७५ वॅट काम करतो. म्हणजे बरोबर एका छताच्या पंख्याइतकं. एक युनिट पुरं व्हायला त्या माणसाला तेरा तासांहून जास्त ओढावं लागेल. मुलांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवत असे आणि मग सांगत असे की आता युनिटाची किंमत आपल्याला कळली. डुलकी लागली म्हणून साहेबाची लाथ बसून पंखेवाला मेला आणि साहेब किरकोळ शिक्षेवर सुटला, अशी प्रकरणं त्या काळच्या कोर्टांच्या कागदांत आहेत. हे मी दहावीच्या मुलांना सांगायची का, असं एका पालकांनी विचारलं होतं. सांगायचीच. साहेबाच्या गारव्यासाठी एक माणूस रात्रभर उन्हाळ्यात जागा होता, हे वॅटच्या व्याख्येइतकंच कळायला हवं.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कताई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. नागपूरची हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की सूत ताणलं की तटकन तुटतं. म्हणून या गिरणीत हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडणारी यंत्रं बसवली. देशात अशी यंत्रं पहिल्यांदा इथेच आली, असं टाटांच्या इतिहासात नोंदलेलं आहे. आजोबा सांगत, बाहेरून खात्यात शिरलं की मेमध्ये श्रावण लागल्यासारखं वाटे, आणि तासाभरात सदरा अंगाला चिकटे.

पुढे विलिस कॅरिअरबद्दल वाचलं तेव्हा आजोबांची आठवण आली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमटपणानं कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. हवेतला ओलावा काबूत ठेवायला तरुण कॅरिअरनं यंत्राचा आराखडा केला. आजच्या वातानुकूलनाची सुरुवात तिथून धरतात. ब्रुकलिनमध्ये ओलावा काढायचा होता, नागपुरात घालायचा होता. दोन्हीकडे हवा राखायची होती ती मालासाठी. सूत तुटू नये, कागद फुगू नये. माणसाच्या अंगाला बरं वाटणं हे नंतर, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यापुरतं.

एसीच्या दुकानात गेलं की 'एक टन', 'दीड टन' ऐकू येतं. किती जणांनी मला विचारलं असेल की यात टन कशाचा. हा टन बर्फाचा आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता खोलीबाहेर काढणारं यंत्र ते एक टनाचं. किलोवॅटमध्ये सांगायचं तर साडेतीन. दीड टनाचा एसी पूर्ण चालत असला की ताशी ५७ किलो बर्फ वितळवल्याइतकी उष्णता बाहेर फेकतो. 

हे माप नुसतं नावापुरतं नाही. लोक खरोखरच बर्फावर गार होत असत. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तिकडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून १८३३ मध्ये जहाजानं कलकत्त्याला पाठवला, पुढच्या वर्षी मुंबईला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरी त्या बर्फाचं आइस्क्रीम पाहुण्यांना दिलं आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली, ही बातमी त्या वेळी वर्तमानपत्रात आली होती. शंभर वर्षांनी, १९३४ साली, मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्राँटियर मेलला थंड डबा जोडला, त्यातही डब्याच्या पोटात बर्फाच्या लाद्या भरत. पंख्यानं त्यांच्यावरची हवा डब्यात खेळवत आणि वाटेतल्या स्टेशनांवर वितळलेल्या लाद्या बदलत. साधारण त्याच वर्षांत मुंबईचं रीगल थिएटर वातानुकूलित म्हणून गाजत होतं. नागपूरच्या माझ्या आजीनं मात्र बर्फ पाहिला तो लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, लग्नाच्या मांडवात.

आमच्याकडे कूलर आला १९७६ च्या उन्हाळ्यात. बाबांनी इतवारीतल्या एका पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून घेतला. तीन बाजूंना जाळी, जाळीत लाकडाच्या बारीक सालींचं गवत, खाली पाण्याची टाकी, आत एक्झॉस्ट पंखा आणि छोटा पंप. पंप पाणी वर चढवी, ते गवतातून ठिबके, पंखा ओल्या गवतातून हवा ओढी. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर तो बसवला आणि घरभर त्याची घरघर सुरू झाली. आईला ताटीवर पाणी मारायचं काम उरलं नाही. त्या दिवशी दुपारी ती जेवण झाल्यावर आडवी झाली आणि चारपर्यंत झोपली. मी तिला मे महिन्यात दुपारी झोपलेली त्याआधी पाहिलंच नव्हतं. कूलरबद्दल कोणी काहीही म्हणो, माझ्या मनात त्याला जागा आहे ती त्या दुपारमुळे.

पंखा आणि पंप मिळून अडीचशे वॅट. दहा तास चालवला तर अडीच युनिटं, आणि शंभरेक लिटर पाणी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाला याच्याइतकं चोख दुसरं काही नाही. नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर इथे मार्च लागला की गल्लोगल्ली कूलर गच्चीवरून उतरतात, गवत बदलतं, टाकीला रंग लागतो, घोडीचे नट कसले जातात. पत्रेवाले, मोटर भरणारे, गवत विकणारे यांचा वर्षाचा रोजगार या तीन महिन्यांवर आहे. मृग बरसला की कूलरचं राज्य संपतं. हवेतच ओल असली की गवतातलं पाणी उडत नाही, खोलीत चिकचिक होते आणि चादर ओली लागते. मुंबईच्या माणसाला कूलरचं महत्त्व पटत नाही ते यामुळेच.

पण पाणी आणि वीज एका पत्र्याच्या पेटीत एकत्र ठेवलेली आहेत, हेही खरं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे काका १९८७ साली कूलरमध्ये पाणी भरताना गेले. हातात पाइप, पायाखाली ओली फरशी, पंपाच्या वायरचं कातडं सोललेलं आणि घराला अर्थिंग नाही. मुलगा चार दिवसांनी शाळेत आला. मी त्या वर्षीपासून फेरे मोजायच्या गृहपाठाआधी अर्थिंगचा तास घेऊ लागले. तीन पिनांतली जाड, लांब पीन कशासाठी असते, ते प्रत्येकाला बोट ठेवून दाखवायचं. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पीन काढायची, हे वहीत तीनदा लिहायचं. विदर्भात अजूनही दर उन्हाळ्यात कूलरच्या झटक्यानं माणसं मरतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि मला त्या चार ओळी दिवसभर सोडत नाहीत. 

एसीची गोष्ट सासऱ्यांपासून सुरू होते. १९९३ च्या दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला. अंथरुणाला खिळलेले. उन्हाळा कूलरवर निघेल, पण पावसाळ्यातल्या त्या दमट हवेत पाठीला जखमा होतील, असं डॉक्टर म्हणाले. एसी त्या काळी चैनीची वस्तू, अबकारी कर दांडगा. यजमानांच्या ओळखीनं एका कचेरीतून निघालेला जुना दीड टनाचा खिडकीचा एसी मिळाला. चार माणसांनी उचलून आणला. वायरमन भाऊंनी घरातली वायर हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "बाई, यानं नाही होणार. याले मीटरपासून वेगळी जाड लाइन लागन, अन् लोडही वाढवून घ्या लागन." सुतारानं खिडकीत चौकट केली, फटींत कापसाच्या चिंध्या कोंबल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात तो सुरू झाला. कंप्रेसर चढताना घरातले दिवे क्षणभर मंद होत. संध्याकाळी गल्लीत व्होल्टेज पडलं की तो धडपडून बंद होई, मग स्टॅबिलायझर आणावा लागला.

मिनिटाला २० फेरे, म्हणजे दोन किलोवॅट. सत्तावीस पंखेवाले. एप्रिलमध्ये आमचं बिल ११८ युनिटांचं होतं. मेमध्ये ४२१ झालं. दुपारी चार तास आणि रात्री दीड तास चालवूनही. आपल्या राज्यात घरगुती वीज टप्प्यांनी महाग होते. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. त्यामुळे युनिटं साडेतीन पट झाली तर बिल त्याहून पुढे पळतं. माझा निम्मा पगार मे-जूनमध्ये विजेकडे जाऊ लागला. सासरे दुपारी शांत झोपत होते. ते पाहिलं की मी काही बोलत नसे.

बोलायचं होतं ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दोन किलोवॅट वीज घ्यायची, आतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढायची आणि बाहेर सव्वासात टाकायची, असा तो हिशोब. आमची गल्ली आठ फुटांची. समोरच्या काकूंची खिडकी आमच्या एसीच्या पाठीसमोर. त्या विधवा, एकट्या, एका खोलीत राहणाऱ्या, टेबलफॅनवर उन्हाळा काढणाऱ्या. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, त्यांनी खाट खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावली होती आणि खिडकीला गोणपाट बांधलं होतं. माझ्याशी त्या एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. मी गेले तेव्हा पन्हं दिलं आणि सासऱ्यांची चौकशी केली. आम्ही मग एसीच्या पाठीला पत्र्याचं नळकांडं करून झोत वर वळवला. थोडा फरक पडला, पुरता नाही. सासरे १९९६ मध्ये गेले. एसी त्याच आठवड्यात खिडकीतून उतरवला आणि काकूंच्या खिडकीचं गोणपाट निघालं.

आमच्या वर्गात मी एसी शिकवताना 'आत' आणि 'बाहेर' असे दोन बाण काढत असे. त्या वर्षीपासून बाहेरच्या बाणापुढे एक खिडकी काढू लागले.

नागपूरला बाहेरचा आणखी एक अर्थ आहे. गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी दिसतात. एक युनिट वीज करायला अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो. आमच्या त्या मे महिन्याच्या वाढीव तीनशे युनिटांना जवळपास दोन क्विंटल कोळसा. मुलांना सहलीला नेऊन वीजकेंद्राचे राखेचे तलाव दाखवले होते. परत येताना बसमध्ये एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या घरचा कोणता ढीग?" पुढे २००५ नंतर काही उन्हाळे राज्यभर भारनियमन झालं. वीज जिथे तयार होते त्या आमच्या भागातही तासन् तास दिवे जात, आणि आजूबाजूच्या खेड्यांत तर शहराच्या दुप्पट. धुराड्याच्या सावलीतल्या घरात कंदील लावून अभ्यास केलेली मुलं माझ्या वर्गात होती. याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

आम्ही २००६ मध्ये वर्धा रोडला फ्लॅट घेतला, चौथा मजला, सगळ्यात वरचा. माजघर गेलं, गच्ची सगळ्यांची झाली, भिंत नऊ इंचांची आणि डोक्यावर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत खाली आग ओकतो. म्हणजे ज्या वेळी वाड्यातला माणूस गच्चीवर गारव्यात झोपलेला असे, नेमक्या त्या वेळी फ्लॅटमधला माणूस भट्टीच्या पोटात असतो. २००९ मध्ये आम्हीही एसी घेतला, कारण यजमानांना झोप लागेना. त्यावर तारे होते. ऊर्जा बचतीचा कायदा २००१ चा, त्यातून ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ मध्ये उभा राहिला आणि २००६ पासून ताऱ्यांच्या चिठ्ठ्या लागू लागल्या. २०१० पासून एसीवर चिठ्ठी सक्तीची झाली. तेव्हा पाच ताऱ्यांसाठी एक युनिट विजेत ३.१ युनिटं उष्णता बाहेर काढली की पुरे होतं. माझा जुना खिडकीचा एसी अडीचच्या आसपास होता. पुढे मोजायची रीत बदलली. कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर एसी आले, मोसमभराची सरासरी धरू लागले. २०१८ मध्ये पाच ताऱ्यांची अट ४.५ झाली, २०२२ मध्ये ५. हे काम मला मनापासून मोलाचं वाटतं. कुठेही गाजावाजा न होता, एका चिठ्ठीनं घरोघरचे फेरे कमी केले.

पण चिठ्ठी वाचताना नागपूरकरानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्यावरचा वर्षाचा आकडा १६०० तासांसाठी काढलेला असतो आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरून. एसीची ताकद मोजतात तीही बाहेर ३५ अंश असताना. आमच्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश होतं. बाहेर जितकं तापतं तितकी यंत्राला उष्णता चढावर ढकलावी लागते. ते वीज जास्त घेतं आणि गार कमी करतं. आमच्या मे महिन्याची भर दुपार त्या तक्त्यात नाहीच. चिठ्ठीवर आठशे युनिटं लिहिलेली असली तर सरासरी ताशी अर्धं युनिट असा अर्थ. तो हिशोब पुण्यात बरोबर येईल. नागपुरात दुपारी तीन वाजता तोच एसी दीड युनिटापर्यंत जातो, हे मी स्वतः मोजलंय.

दुसरा हिशोब अंशांचा. एसीचा काटा एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. २०२० पासून नवा एसी सुरू केला की आपोआप २४ वरच लागतो. आमच्याकडे २७ आणि वर पंखा मंद. बाहेर ४५ असताना आत २७ म्हणजे आजोबांना स्वर्ग वाटला असता.

तिसरा हिशोब छपराचा, आणि तोच मला सगळ्यात मोठा वाटतो. २०११ च्या एप्रिलमध्ये मी सोसायटीची परवानगी घेऊन आमच्या डोक्यावरच्या स्लॅबला चुन्याचे दोन हात मारून घेतले, चुन्यात थोडा डिंक. वाड्यात दर उन्हाळ्याला भिंतींना चुना लागायचा, तेच आठवून. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेचं रीडिंग मी आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस घेतलं. आधी रोज नऊच्या आसपास युनिटं जात होती, नंतर साडेसहा. एसी तोच, काटा तोच, माणसं तीच. पाच डबे चुना. इमारतीतल्या वरच्या मजल्याच्या चारही घरांनी पुढच्या वर्षी चुना मारला. आता दर गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे ब्रश घेऊन वर जातो.

आता चकती नाही. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि पाटीवर लिहिलंय, ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. मीटर खाली पार्किंगमध्ये आहे. २०१९ मध्ये आम्ही इन्व्हर्टर एसी घेतला. यजमान गेल्यापासून मला झोप कमी लागते, तेव्हा मेमध्ये कधीकधी रात्री घड्याळ घेऊन मी चार जिने उतरते. वॉचमनकाका आता काही विचारत नाहीत, नुसती खुर्ची सरकवून देतात. रात्री अकराला मिनिटाला ४३ लुकलुकी. म्हणजे आठशे वॅट, स्लॅब अजून तापलेला आहे. एक वाजता २६. पहाटे चारला स्लॅब निवतो, वारा पडलेला असतो, रस्त्यावर दुधाची गाडी येते. त्या वेळी मिनिटाला १३.

तेरा म्हणजे अडीचशे वॅट. बाबांनी इतवारीतून आणलेल्या कूलरइतके. मी वहीत तारीख टाकून आकडा लिहिते आणि पुढच्या रकान्यात छताला चुना किती दिवसांपूर्वी मारला ते लिहिते.